एकशे अडुसष्ट

"वहिनी, आकडा नका बघत बसू. माणूस बघा," व्यायामशाळेतला प्रशिक्षक म्हणाला होता. तिने ते हसण्यावारी नेलं. माणसाचं काय, कधीही विचारा, "मी ठीक आहे" हेच ऐकू येणार. आकडा खोटं बोलत नाही.

सासरे चाळिशीतच हृदयविकाराने गेले होते. नवरा आता अडतीसचा. म्हणून वरच्या खोलीत वल्हं मारल्यासारखं ओढायचं रोइंग मशीन आलं आणि छातीला बांधायचे दोन काळे पट्टे आले, एक त्याचा, एक तिचा. दोन्ही पट्ट्यांवर एकसारखेच, बटणासारखे सेन्सर टचकन बसायचे; तिचा फोन त्याच्या सेन्सरला जोडलेला होता, आणि त्याच्या हृदयाचे ठोके खाली स्वयंपाकघरात तिच्या फोनवर उमटायचे. एक मिनिट जीव खाऊन ओढायचं, एक मिनिट थांबायचं, असे आठ फेरे. आकडा एकशे पंच्याहत्तरवर गेला की ती खालून ओरडायची, "बास! घोडा नाहीयेस तू!"

"घोड्याची बायको तरी गप्प बसते," वरून धापा टाकत उत्तर यायचं.

त्या सकाळी लेकीला कडेवर घेऊनच तिने धुतलेल्या पट्ट्यांवर सेन्सर बसवले. एक पट्टा त्याच्या हातात दिला, दुसरा स्वतःच्या टी-शर्टखाली बांधला. त्याचं झालं की लगेच तिची पाळी, आणि लेक त्याच्याकडे दहा मिनिटांच्या वर टिकायची नाही.

वरून साखळीची सर्र-सर्र सुरू झाली. ती लेकीला भरवत होती. तिसऱ्या फेऱ्याला फोनवर अठ्ठ्याण्णव. काल याच फेऱ्याला एकशे सत्तर होते. 'सुधारला की गडी!' तिला हायसं वाटलं.

पाचव्या फेऱ्यानंतर आवाज थांबला. मिनिट झालं. दोन झाली. तिने फोनकडे पाहिलं. शंभर. असेल दम खात. तिने लेकीचं तोंड पुसलं, वाटी विसळली, मग हाक मारली. उत्तर नाही. लेकीला उचलून ती जिना चढू लागली. एकशे अठरा. एकशे तीस. चला, पुन्हा ओढायला लागला वाटतं.

आवाज मात्र येत नव्हता.

तो मशीनशेजारी आडवा पडला होता. एक पाय अजून वादीत अडकलेला. ओठ निळे.

रुग्णवाहिकेला फोन लावून तिने स्पीकरवर टाकला. पलीकडे एक शांत बाई होती. "श्वास घेताहेत का?"

"मध्येच एखादा... घोरल्यासारखा."

"मग छाती दाबायला लागा. मी मोजते."

"कशाला दाबू? हृदय चालू आहे त्याचं! समोर दिसतंय मला, एकशे अडुसष्ट!"

"ताई, तरी दाबा."

चालत्या हृदयावर दाबायचं आणि काही कमी-जास्त झालं तर? तिने नाही दाबलं. त्याचं डोकं मांडीवर घेऊन ती आकड्याला डोळे लावून बसली. एकशे बहात्तर. एकशे शहात्तर. "बघ, कसा झुंजतोय आपला बाबा," ती लेकीला म्हणाली.

गाडी नऊ मिनिटांनी आली. आलेल्या माणसाने त्याच्या मानेवर दोन बोटं टेकली आणि लगेच छाती दाबायला सुरुवात केली. खूप वेळ दाबत राहिला. शेवटी मागे सरला. "आम्ही आलो तेव्हाच नाडी नव्हती, ताई."

तिने फोन त्याच्या तोंडासमोर धरला. "मग हे काय आहे? एकशे ब्याऐंशी!"

त्याने फोन पाहिला. मग तिच्या घामाने चिकटलेल्या टी-शर्टखाली उठून दिसणारी पट्ट्याची कड पाहिली.

"ताई," तो हळूच म्हणाला, "तुमचा पट्टा काढा जरा."

तिने काढला. फोनवरचा आकडा गेला. दोन आडव्या रेघा उरल्या.

आकडा खोटं बोललाच नव्हता. सकाळी त्याचा सेन्सर तिच्या पट्ट्यावर बसला होता.

आता ती भेटेल त्याला एकच सांगते, तुम्हालाही सांगते. पलीकडच्या खोलीत तुमचं कुणी असेल ना, तर हे वाचणं बाजूला ठेवा. हाक मारून थांबू नका. उठा, आत जा, आणि त्याला हात लावून बघा.