एकच प्रत

विसरणं वाढत जाणार, तेव्हा डोक्यातलं सगळं वेळेवर नोंदींच्या ॲपमध्ये हलवा, असं डॉक्टरांनी कुमुदला स्पष्टच सांगितलं होतं. तिच्या नवऱ्याने, दिगंबररावांनी, मागच्याच महिन्यात हलवलं होतं. नवरा-बायकोचं खातं एकच. एका प्रसंगाची ॲप एकच प्रत ठेवायचं आणि पुढे दोघांना तीच आठवायची.

लग्न, पहिलं बिऱ्हाड, नाशिकची बदली, सगळं भराभर जुळत गेलं. मग पडद्यावर प्रश्न आला.

"बाळंतपण. दिगंबररावांच्या नोंदीत बाळ मृत जन्मलं. तुमच्या नोंदीत ते रडलं. कोणती ठेवू?"

दिगंबरराव दवाखान्यात पोचले तोवर सगळं संपलं होतं. आपल्याला उशीर झाला, हे त्यांना जन्मभर खात राहिलं असतं. म्हणून तिनेच त्यांना खोटं सांगितलं होतं.

"झालं का गं?" त्यांनी स्वयंपाकघरातून विचारलं. "चहा निवतोय."

"आले हो. जरा अडलंय."

त्यांची नोंद ठेवली तर ते रडणं कायमचं जाणार. तिची ठेवली तर ते त्यांनाही ऐकू येणार.

कुमुदने ॲप बंद केलं आणि डोळे मिटून बाळाचा आवाज आठवून पाहिला. आज तो लगेच आठवेना.