खिडकीच्या उजेडातला चेहरा

"टोपी काढा," वेणू म्हणाली.

काशिरामने टोपी काढून मांडीवर ठेवली. सकाळी न्हाव्याकडे नेऊन त्याच्या झुपकेदार मिशाही तिने बारीक करून घेतल्या होत्या.

पनवेलच्या बाजारपेठेतल्या आपल्या स्टुडिओत दिनानाथने राजवाड्याचा पडदा सोडला होता. वेणूने तो गुंडाळायला लावला. दिवेही नकोत म्हणाली. खिडकीचा उजेड एकाच बाजूने पडू दे, आणि कॅमेरा इतका जवळ घ्या की चेहऱ्याशिवाय काही दिसायला नको.

दिनानाथची कळी खुलली. असले प्रयोग करू द्यायला गिऱ्हाईक तयार होत नसे. तरी तो म्हणाला, "पण बाई, अशा उजेडात गाल बसलेले दिसतात."

"बसलेलेच दिसायला हवेत."

"आणि एवढा झकास कोट?"

"तो अजिबात नको."

घरात तिच्या बापाचा एकही फोटो नव्हता. आज तो काढून घेतल्याशिवाय ती कोन गावी परतणार नव्हती. तिच्या लग्नात फोटोवाला मांडवापर्यंत आला होता. 'फोटो काढला का मानसाचा आयुष्य सरतं' असं ओरडत ह्याच काशिरामने त्याला हाकलून दिलं होतं. त्याच्यापुढे ब्र काढायची घरात कुणाची छाती नव्हती. ते आठवलं की अजून तिची कानशिलं तापत.

"वडिलांना जरा हनुवटी खाली घ्यायला सांगा," काळ्या फडक्याखालून दिनानाथ म्हणाला.

वेणूनेच पुढे होऊन ती दाबली. जरा जोरानेच.

"दुखतंय गो पोरी."

"दुखू दे. आता नाही वाटत भीती? आयुष्य सरेल ना!"

"सरू दे. तू सांगशील तसा बसतो मी."

तिने फडक्याखाली डोकं घातलं. काचेवर तो चेहरा उलटा दिसत होता, तरी ती बराच वेळ बघत राहिली. "खिडकीचं एक दार लोटा," ती आतूनच म्हणाली. डोळ्यांखाली सावली उतरली, गालांत खळगे पडले. ती बाहेर आली तेव्हा तिने पदर दातांत धरला होता.

काशिरामचे डोळे भरून आले.

"आता रडून काय उपयोग?" ती कडाडली. "डोळे पुसा, आणि हलू नका!"

तो हलला नाही. दिनानाथने फोटो घेतला, काच काढून ठेवली आणि पेन्सिल उचलली. "खाली नाव घालायचं ना? काय लिहू?"

"काशिराम," म्हातारा हळूच म्हणाला.

"नाही, भगवान लिहा," वेणू म्हणाली. "आणि त्याआधी कैलासवासी. माझे बाबा ह्यांचे धाकटे भाऊ. चेहरा तेवढा सारखा होता."