परीक्षेपुरती चोरी

तुपाची बाटली पदराखाली गेली आणि सकवारबाई काहीच न घडल्यासारख्या उडदाच्या डाळीकडे वळल्या. दाराशी पहारेकऱ्याने रोजच्यासारखी मान हलवली. बसथांब्यापर्यंत पोचल्या तरी त्या मागे वळून बघत होत्या, आणि खरं सांगायचं तर त्यांना थोडी मजाही वाटत होती. या वयात चोरी करायची, तीही मालकाच्या सांगण्यावरून.

मालक म्हणजे बालाजीराव. चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीतल्या त्यांच्या सुपरमार्केटात सकवारबाई पहिल्या दिवसापासून गल्ल्यावर. दोघंही तंजावरकडचे मराठी, त्यामुळे ते त्यांना अक्का म्हणत. आता वेलचेरीला नवं दुकान निघणार होतं. तिथे गिऱ्हाइकाने वस्तू उचलायची आणि सरळ चालू लागायचं. कुणी काय घेतलं ते कॅमेरा बघणार, पैसे फोनमधून आपोआप जाणार. तीन कंपन्यांचे कॅमेरे आधी जुन्या दुकानात आळीपाळीने लावून पाहायचं ठरलं.

"कंपनीवाले आपलीच माणसं आणून दाखवतात, तेम्मा सगळं बरोबर येतं," बालाजीराव म्हणाले होते. "आपल्या बायका पदराखाली कसं घालतात ते तुमच्याइतकं कुणाला माहीत, अक्का? तुम्ही चोरी करून बघा. पण कुणाकडे बोलू नका. कंपनीवाल्यांना वास लागला तर परीक्षा कसली?"

"आणि वस्तू?"

"घरी घेऊन जा. दारावरच्या कॅमेऱ्याला पण दिसायला पाहिजे ना."

"सरी," सकवारबाई मान डोलावत म्हणाल्या.

पहिल्या कंपनीचा कॅमेरा छताला लागला आणि पहिल्याच दिवशी नापास झाला. साडीतल्या बायका पाठमोऱ्या असल्या की त्याला सगळ्या एकच वाटत. एकीच्या साबणाचं बिल दुसरीला जाई. दुसऱ्या कंपनीने कॅमेऱ्याच्या मदतीला फळ्यांखाली वजनकाटेही बसवले. सकवारबाईंनी बदामाची पुडी उचलून तिथे तेवढ्याच वजनाची मिठाची पुडी ठेवली, आणि काटा सुखाने झोपला.

तिसरा कॅमेरा मकरंदने आणला. हा पुण्याचा पोरगा, नोकरीसाठी वेलचेरीत येऊन राहिलेला. मराठी कानावर पडताच पहिल्याच दिवशी "मावशी" म्हणत गल्ल्याशी आला आणि त्यांच्या डब्यातले चकलीसारखे मुरुक्कू खाऊन गेला. त्याचा कॅमेरा चेहरा बघायचाच नाही, हात बघायचा. खांदा किती वळला, कोपर कुठे गेलं, मूठ रिकामी परत आली की भरलेली. तूप, बदाम, केशराची डबी. सकवारबाईंनी सगळी कला पणाला लावली. दर वेळी बालाजीराव येऊन हळूच सांगत, "सापडलात, अक्का."

त्यानंतर मकरंदने मुरुक्कू घेणं सोडलं. गल्ल्यासमोरून जाताना नजर चुकवायचा. सकवारबाईंना आतल्या आत हसू यायचं. बिचारा खरंच चोर समजतो आहे मला. एकदा मालकांनी खरं सांगू दे, मग कान धरते याचा.

शेजारच्या गल्ल्यावरची कीर्तना मात्र घाबरली होती. "अक्का, कॅमेरे आले की आपल्याला कोण ठेवणार? तुमचं ऐकतात ते. हे चालत नाही म्हणून सांगा की," ती एकदा डबा खाताना म्हणाली. सकवारबाईंनी तिला गप्प केलं, पण घास गोड लागला नाही. पुढे कीर्तनाने तो विषय काढणंच थांबवलं. उलट गुणगुणत बिलं करायला लागली. पोर सावरली म्हणून सकवारबाईंना बरं वाटलं.

"मग कुठला घ्यायचा, अक्का?" अखेर बालाजीरावांनी विचारलं.

पहिल्या कंपनीचं नाव घेतलं असतं तर नवं दुकान रडतखडत चाललं असतं आणि गल्ले वाचले असते. एक खोटा शब्द पुरला असता. पण खाल्ल्या मिठाला जागायची खोड काही जात नाही.

"मकरंदचा. त्याने मला एकदाही सोडलं नाही," त्या म्हणाल्या. "पण गल्ल्यावरच्या पोरींचं काय?"

"मी कुणाच्या पोटावर पाय देईन का, अक्का? आणि वेलचेरीला मुख्य म्हणून तुम्हीच."

नवरा गेल्यापासून सकवारबाईंना दुकानाशिवाय दुसरं काही नव्हतं. त्या दिवशी त्या मरीनाच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत चालत गेल्या, उगाचच.

शुक्रवारी वरच्या खोलीत बोलावणं आलं. ठेवणीतली साडी नेसून त्या गेल्या. आत बालाजीराव होते, खाली मान घातलेला मकरंद होता आणि एक अनोळखी वकील. भिंतीवरच्या पडद्यावर सकवारबाई केशराची डबी पदराखाली घालत होत्या.

"आता तरी सांगा यांना," त्या हसत म्हणाल्या. "या पोराचं माझ्यापायी मुरुक्कू खाणं सुटलं."

बालाजीराव हसले नाहीत. "काय सांगू, अक्का? तूप, बदाम, केशर, सगळं घरी नेलंत." मग वकिलांकडे वळले. "बहीण मानली होती हिला. पोलीस नकोत. राजीनामा दिला तरी पुरे, मागचं देणं काही मागायचं नाही."

सकवारबाईंना आधी काही कळेचना. मग राग यायच्या आधी लाज वाटली, आत्ताच्या आपल्या हसण्याची.

"तुम्हीच सांगितलंत ना चोरायला?"

"मी कशाला सांगेन असं?"

वकिलांनी टाइप केलेला राजीनामा पुढे सरकवला. सकवारबाईंनी त्याला हात लावला नाही. या माणसासाठी आपण खरं बोललो, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत होतं.

"कीर्तनाला बोलवते. मी कशी आहे ते ती सांगेल."

त्यांनी स्वतःच दार उघडलं. बाहेरच्या बाकावर गल्ल्यावरच्या सगळ्याजणी बसल्या होत्या, रेशमी साड्या नेसून, केसांत मोगरा माळून. कीर्तना लगबगीने उठली आणि त्यांचा हात धरून कानाशी म्हणाली, "तुमचं झालं, अक्का? आता तुम्हाला सांगायला हरकत नाही. कॅमेऱ्यासाठी चोरी करायचं काम त्यांनी मला पण दिलं होतं."