आ-माच्या देवळातून

शार्दूलचं जहाज चिनी समुद्रातल्या वादळात बेपत्ता झालं, तेव्हापासून त्याचे वडील पुरुषोत्तम ग्लासगोच्या फ्लॅटमध्ये फोनजवळून हलले नव्हते. सून ऋचा मकाऊला जाऊन थांबली होती.

आज तिचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या मागे उदबत्त्यांचा धूर दिसत होता.

"कुठे आहेस तू?"

"आ-माच्या देवळात, बाबा. फार जुनं आहे. वादळात सापडलेली होडी या देवीने सुखरूप आणली, म्हणतात. शहराला नावसुद्धा हिचंच."

"कंपनीकडून काही कळलं?"

ऋचा बोलणार, एवढ्यात तेच घाईने म्हणाले, "थांब. आधी फोन तिच्यासमोर धर."

आयुष्यात एकाही देवापुढे न वाकलेल्या पुरुषोत्तमांनी डोळे मिटून हात जोडले. "माझ्या पोराला सांभाळ गं बाई," ते पुटपुटले. पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले.

मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, "हं, काय सांगत होतीस?"

"काही नाही, बाबा. तुम्ही मागा अजून."

शवागारात शार्दूलची ओळख पटवून ती थेट देवळात आली होती.