सोफ्यावरची जागा

अमेरिकन फुटबॉलची प्लेऑफची, म्हणजे हरलं की बाहेर अशी, मॅच तासाभरावर आली होती. शॉमबर्गच्या घरात उल्हास आणि त्यांचा मुलगा देवांग, कुणाचा डिफेन्स भारी यावर तावातावाने बोलत होते.

शेवटी देवांग म्हणाला, "बाबा, बॉल फेकणारा आपला क्वार्टरबॅक नवीन आहे. रिस्क नको. आई सोफ्यावरून उठणार नाही!"

"अरे, पण स्वयंपाक?" शैलजाने काळजीने विचारलं.

"आम्ही बघतो," उल्हास एप्रन बांधत म्हणाले. "गेल्या वर्षी तू चहाला उठलीस आणि नेमका बॉल समोरच्या टीमकडे गेला. विसरलीस?"

शैलजा कशी विसरेल? तिने पाय वर घेतले, शाल ओढली. "चहात आलं घाला हं."

"मी उठले म्हणून तर बॉल गेला नसेल ना?" असं गेल्या वर्षी हळहळत तिनेच तर विचारलं होतं.