बिनआकड्यांचा काटा

अर्धांगवायूच्या झटक्यातून यादवराव वाचले, पण आकडे त्यांच्या डोक्यातून पुसले गेले. मालगाड्या चालवण्यात हयात गेलेला माणूस दिवसभर खुर्चीत गप्प बसून राहायचा.

त्यांची सून हेमांगी आगगाडी चालवण्याचा कॉम्प्युटर गेम तयार करत होती. एका दुपारी तिने त्यांना पडद्यासमोर बसवलं. गाडी निघाली, तसे कोपऱ्यातले वेगाचे आकडे झरझर बदलू लागले. यादवराव पार गोंधळले आणि गाडी स्टेशन ओलांडून गेली.

"नको गं पोरी," हात मागे घेत ते म्हणाले. "आता नाही जमायचं मला."

हेमांगीने आकड्यांची ती चौकट काढून टाकली. तिथे गोल तबकडी आणि काटा बसवला. तबकडीवर एकही आकडा नव्हता, फक्त धोक्याच्या वेगापाशी लाल रेघ होती.

"बाबा, माझ्यासाठी एकदाच."

काटा हलला आणि यादवरावांची नजर त्यावर ठरली. वळण दिसताच त्यांनी वेग उतरवला. स्टेशन आलं तेव्हा काटा हळूहळू खाली आणत त्यांनी गाडी फलाटाला अलगद लावली. हेमांगीचे डोळे भरून आले.

"चला बाबा, चहा घेऊ," ती म्हणाली.

"तू घे," पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "गाडी सोडून कसा येऊ?"