चौथी खोली

“कडी आतल्या अंगानं बसवा, चांदभाई. भायेरनं काय बी नगं,” शालनबाई म्हणाल्या.

चांदभाई मिस्त्रींनी रंधा थांबवला. “मग कुलूप कुठं लावायचं, वहिनी?”

“कुलूप कशाला? हितं चोरण्याजोगं हाय काय?”

सुमनताई हसल्या. पिंपळे गुरवातलं त्यांचं आधारगृह सुरू होऊन पाच वर्षं झाली होती. नवऱ्यानं टाकलेल्या, सासरहून पळून आलेल्या अकरा बायका तीन खोल्यांत राहत होत्या. नव्या बाईला पाठ टेकायला जागा उरली नव्हती. चौथ्या खोलीसाठी सुमनताईंनी वर्षभर उंबरठे झिजवले, तेव्हा कुठे एक्याऐंशीच्या संक्रांतीला नानासाहेबांनी खर्च द्यायला होकार दिला.

नानासाहेब गावातले जुने बागायतदार. जमिनी कारखान्यांकडे गेल्यावर ते धंद्यात उतरले, पण गावातला मान तसाच राहिला.

“आमच्या घरच्यांचाच हट्ट,” ते सुमनताईंना म्हणाले होते. “बायकांसाठी काहीतरी करा म्हणून मागं लागल्या होत्या.”

बांधकाम सुरू झालं तशा नानासाहेबांच्या पत्नी शालनबाई दिवसाआड येऊ लागल्या. सावकाश चालायच्या, भर चैत्रातही लांब बाह्यांचं पोलकं घालायच्या. भिंतीची उंची त्यांनी दोनदा वाढवायला लावली. खिडकी मागे होती, ती रस्त्याच्या बाजूला घ्यायला लावली. “हाक मारली तर मानसांना ऐकू जाया पायजे,” त्या म्हणाल्या. देणगीदाराच्या घरच्या बाईनं इतकं जातीनं लक्ष घालावं, याचं सुमनताईंना फार कौतुक वाटे.

आधारगृहातल्या विमलबाई शिवणकाम करत. महिनाभरात शालनबाई त्यांच्या शेजारी मशीनवर बसायला लागल्या. आधी सुई मोडली, मग दोरा गुंतला, आणि एके दिवशी एक अख्खं झबलं शिवून झालं. ते हातात धरून त्या लहान मुलीसारख्या हसल्या.

“आता तुम्हाला गिऱ्हाइकं मिळवून देते,” विमलबाई म्हणाल्या.

“द्या की. चार पैसे माझं मला मिळतील.”

सगळ्या बायका हसल्या.

एकदा चहा पिता पिता शालनबाईंनी विचारलं, “ताई, हितल्या बाईला न्यायला घरचं मानूस आलं तर वं?”

“तिची इच्छा असेल तरच भेटू देतो.”

“आन त्यो कुणी मोठा मानूस असला तर?”

“गेल्या वर्षी एक आले होते. जीप घेऊन, चार माणसं घेऊन. सगळ्या बायका दारात उभ्या राहिल्या. गेले परत.”

“बरं झालं. यवढी खोली बांधतोय, तर इचारून घेतलेलं बरं,” शालनबाई म्हणाल्या आणि बशीतला चहा त्यांनी निवांत संपवला.

उद्घाटन रविवारी सकाळी झालं. दाराला झेंडूचं तोरण होतं. नानासाहेबांनी फीत कापली आणि छोटंसं भाषण केलं.

“बाईवर हात उगारणाऱ्याला गावानं जाब विचारला पाहिजे,” ते म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतल्या शालनबाईंनीही टाळ्या वाजवल्या. मग जिलेबी आणि चिवडा वाटला गेला. विमलबाईंनी आग्रह करून शालनबाईंना चार वेढे जास्तच वाढले. पाच वर्षांत इतका आनंदाचा दिवस उजाडला नव्हता, असं सुमनताईंना वाटलं.

मंडळी पांगली. नानासाहेब मोटारीचं दार उघडून उभे राहिले.

“चला, उशीर होतोय.”

शालनबाई पायरीवरच थांबल्या.

“तुमी जावा,” त्या म्हणाल्या.

“का? आवराआवर राहिलीय?”

“न्हाई.” त्या सुमनताईंकडे वळल्या. “ताई, या खोलीत पयली बाई कंची ठेवायची, ठरलंय का?”

“अजून नाही. तुमच्या ओळखीत आहे का कुणी अडलेली?”

“हाय की,” मोटारीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात शालनबाई म्हणाल्या. “मीच.”